डावी पाकळी

५ जानेवारी
ही वही सुविधानं दिली. सून माझी, मुलाची, दत्तप्रसादची बायको; दोघं डिचोलीला राहतात, तिथं ती शाळेत शिकवते. डॉक्टर तिला म्हणाला, सासूबाई विसरायला लागल्यात, रोज चार ओळी लिहायला लावा, बरोबर ही गोळी द्या. मी चौथी शिकलेय, चार ओळी येतात. पण विसरत मी काही नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ही बाई माझ्या सोलकढीला काय म्हणाली ते अजून सांगते. म्हणूनच तिला मी आजारी वाटते.

आज लिहिण्यासारखं काही नाही. पोदेरानं कालचे पाव दिले आणि कमळीनं ते गुमान घेतले. कमळी म्हणजे कमलाक्षी, माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. चोविसाव्या वर्षी कपाळ पुसून इब्रामपूरला माहेरी आली, ती अजून इथंच. तिचा नवरा गेला, माझे सासू-सासरे गेले, माझा नवरा गेला. ही आहे. आता घरात आम्ही दोघी आणि एक म्हैस.

१२ जानेवारी
निहारचा फोन आला. नातू माझा, दत्तप्रसादचा मुलगा. बोटीवर स्वयंपाकी आहे. चार भिंतींत कधी चहा केला नाही, आता गोऱ्यांना जेवण घालतो.

म्हणाला, "आजी, एप्रिलात बोट इटलीत लागता, थंय माका सुटी गावतली. घरच्या एका माणसाक व्हेनिस दाखवचां म्हणतंय. चार दिवस. सगळां माझ्याकडसून."

मी म्हटलं, "बरां रे बाबा, येतंय मी."

पलीकडं गप्प झाला. समुद्रावर आवाज तुटतोच. मग म्हणाला, "आजी, मगे सांगतंय," आणि ठेवला.

कमळी दारात सूप घेऊन उभी होती. म्हटलं, ऐकलंस? तुझी वयनी विलायतेला चालली. म्हैस सांभाळ.

२० जानेवारी
सुविधानं फोनवर व्हेनिस दाखवलं. सगळा गाव पाण्यात. रस्त्याच्या जागी व्हाळ, दारात होडी. दर वर्षी घरात पाणी शिरतं म्हणे, आणि ते बघायला जगातून माणसं येतात. इथं शापोरा नदी चढली की आमच्या चुलीत मासे येतात, बघायला तलाठीसुद्धा दोन दिवसांनी येतो.

तरी जाणार. गावात विमानानं काशीच्या पलीकडं कुणी बाई गेलेली नाही. पहिल्या दिवशी मोठा चौक आणि इगर्ज, किरिस्तावांचं देऊळ. दुसऱ्या दिवशी तो दगडी पूल, त्यावर दुकानं आहेत. तिसऱ्या दिवशी बेट, तिथं भट्टीत काच फुगवतात. चौथ्या दिवशी होडीतून मिरवायचं. निहारनं सांगितलं तसं लिहून घेतलं. सांगता सांगता दर वेळी विचारत होता, "आते खंय आसा?" म्हटलं, कमळी गोठ्यात आहे, तुला तिचं काय?

त्याला तिनं वाढवला, असं सगळे म्हणतात. सुविधा शाळेत, मी भाटात काजूची झाडं बघायला, मग पोर कुणाच्या कडेवर असणार? पण वाढवला म्हणजे काय. पोरं आपणहून वाढतात, भोपळ्यासारखी.

३ फेब्रुवारी
दत्तप्रसाद येऊन गेला. दोन वर्षांमागं दुबईला न्यायचं म्हणून निहारनं आम्हां दोघींचे पासपोर्ट केले होते. दुबई राहिली, पासपोर्ट कपाटात राहिले. त्यातला कमळीचा घेऊन गेला.

"तिचो कित्याक?"

"तिच्या पेन्शनीक होयो, आई."

"आणि माझो?"

"तुझो मगे बघूया."

माझ्याकडं न बघता बोलला. बापाची सवय. बापही खोटं बोलताना माडाचा शेंडा बघायचा. पण पेन्शनीच्या कागदात खोटं काय असणार.

१० फेब्रुवारी
सुविधा कमळीला पणजीला घेऊन गेली. दिवसभर पत्ता नाही, दुपारची पेज मला गार खावी लागली. विचारलं तर म्हणते, सरकत्या जिन्यावर चढायला शिकवलं. सत्तरीला आलेल्या बाईला! पहिल्यांदा चढताना साडी धरून "देवा रवळनाथा" असं ओरडली म्हणे, लोक थांबून बघत होते. आणि बूट घेऊन दिले, पांढरे, पोरी धावायला घालतात तसले.

म्हटलं, हे घालून शेण काढणार काय गो?

कमळीनं बूट खोक्यात घालून खोकं खाटेखाली सारलं. माझ्यासाठी काही आणलं नाही. माझे पाय मोठे आहेत, माप लागत असेल.

१९ फेब्रुवारी
कमळीला काय झालंय कळत नाही. काल विचारते, "वयनी, थंय थंडी खूप आसता?" आज विचारते, "वयनी, थंय भात गावता मां?" म्हटलं, भात मी खाणार, थंडी मला वाजणार, तुला कशाला काळजी? तर मान खाली.

आणि गोठ्याच्या मागच्या भिंतीवर कोळशानं सही गिरवते. कमलाक्षी, कमलाक्षी, कमलाक्षी. 'क्ष' दर वेळी वेगळा. शाळेच्या दारात ही कधी उभी राहिली नाही. मी भिंत धुवायला लावली. शेणाचा हात भिंतीला लागलेला चालतो, कोळसा चालत नाही.

३ मार्च
आज कळलं.

दत्तप्रसाद आणि सुविधा दोघं आले. पेढे आणले. पासपोर्ट उघडून दाखवला, आत व्हिसा चिकटवलेला. फोटो कमळीचा.

मी विचारलं, "माझो खंय?"

दत्तू माडाकडं बघायला लागला. मग सुविधाच बोलली. तिला तोंड आहे. "आई, निहारान आतेकच बोलावल्यान. पयल्या दिवसापासून. तुमका सांगूक तो भियेत होतो."

"तिकाच कित्याक?"

दत्तू म्हणाला, "तू काशी केलंस, रामेश्वर केलंस. आते पणजीच्या पलीकडे कधी गेली नाय, आई."

कमळी चुलीपाशी पाठ करून उभी होती. पाठ थरथरत होती. हसत होती का रडत होती, ते बघायला मी उठले नाही. दोन महिने माझ्याच चुलीवर रांधून, माझ्याच तोंडून चौक, पूल, बेट सगळं ऐकून घेतलं हिनं, आणि एका शब्दानं बोलली नाही. मुकी विंचवीण.

पेढा खाल्ला मी. चांगला होता. खाऊन झाल्यावर म्हटलं, "सगळां बरां. पण देवाक विचारल्यात?"

ह्या घरातलं माणूस देवाला विचारल्याशिवाय मोठ्या वाटेला लागत नाही. माझा नवरा विहीर खणतानाही विचारून आला होता. आणि देवळात घरातर्फे उभं राहायचा मान घरच्या वडीलमाणसाचा. आता वडीलमाणूस मी.

"विचार गो वयनी," कमळी म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून. "तू विचारलंस तर मी सुखान जायन."

५ मार्च
नारळ, फुलं घेऊन देवळात गेले. मधुकर गुरवानं नेहमीसारखं देवाच्या अंगावर पाण्यानं पाकळ्या लावल्या, उजवीकडं आणि डावीकडं. गाऱ्हाणं घालायला लागला, "देवा महाराजा, ह्या घरचां लेकरू दर्यापार जावक बघता, तुझो हुकूम होयो. होय तर उजवी दी, नाय तर..."

डावीचं नाव घ्यायच्या आधीच उजवी पाकळी गळून पायाशी पडली. मागोमाग तिच्या खालची.

मधुकर हसायला लागला. "शेवंतीवयनी, देवाकच घाई झालीसा गो!"

मी दक्षिणा ठेवली. सावकाश घरी आले. वाटेत दोनदा बसले, गुडघे दुखतात.

कमळी आदोळीवर नारळ खवत होती. हात थांबला नाही, पण मान वर.

"डावी पडली," म्हटलं.

"बरां," म्हणाली.

एवढंच. आणि खवत राहिली. खोबरं संपलं तरी करवंटी खवत होती. आमटीत काळे कण आले. जेवताना मी तसं बोलून दाखवलं.

६ मार्च
झोप चांगली लागली. कुणी म्हणेल हिला पाप वाटत असेल. पाप कसलं? मी तिला मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही, पंचेचाळीस वर्षं दोन वेळचं जेवण दिलं. आणि म्हैस व्यायला आलीय. घर कोण बघणार?

ती विधवा होऊन आली, त्याच्या पुढच्या वर्षीही असंच. वास्कोच्या बंदरावर क्रेन चालवणारा एक होता, बायको गेलेली, मूल नव्हतं. आपणहून कमळीला मागणी घालून आला. माणूस बरा, दारू नव्हती. माझा नवरा तयार, कमळी तर दोन दिवस आरशापुढून हलेना. त्या वेळी दत्तू माझ्या पाळण्यात, सासू अंथरुणात, लावणी तोंडावर. देवळात तेव्हाही मीच गेले होते, नवऱ्याला ताप होता. तेव्हाही डावी पडली. देवाला घरची अडचण कळते.

८ मार्च
निहारचा फोन. रागावला होता. "आजी, परत विचार देवाक."

म्हटलं, देव काय पोस्टातला कारकून आहे, परत परत विचारायला?

"आतेक फोन दी."

दिला. कमळी कानाला लावून नुसती "हूं, हूं" करत राहिली. शेवटी म्हणाली, "नको रे सोन्या. डावी दिल्यानंतर कसां येवचां? तुका काय झालां तर?" आणि फोन मला दिला, उलटा धरून.

निहार म्हणाला तिकीट तो मोडणार नाही. म्हटलं, नको मोडू, भिंतीला लाव.

१७ मार्च
शिगम्याचा मेळ आज घराघरांत फिरला. आमच्या दारात ढोल वाजले, कमळीनं आरती केली. मेळाबरोबर मधुकर गुरवही होता. मी आत सुपारी आणायला गेले. येऊन बघते तर तो कमळीशी काहीतरी बोलून हसतोय आणि कमळी आरतीचं ताट घेऊन तशीच उभी, वात बोटाला लागतेय तरी ताट हलवत नाही. ढोलात मला काही ऐकू आलं नाही.

दिवेलागणीला मी जप करत होते. ती समोर येऊन बसली. कधी बसत नाही.

"वयनी, त्या वास्कोवाल्याच्या वेळार खंयची पडल्ली?"

"डावी. तुका तेव्हाच सांगलंय. आता कित्या उकरून काढतंस?"

"काय नाय. तुका डॉक्टरान विसराची गोळी दिल्यान मां, म्हणान विचारलंय."

उठून गेली. पंचेचाळीस वर्षांत मला उलट बोलली नव्हती. बोटाला फोड आलेला, त्यावर तिनं माझ्याकडं तूप मागितलं नाही.

१९ मार्च
कमळी आज न सांगता आंघोळ करून, नारळ घेऊन देवळात गेली. एकटी. आली ती केसांत अबोली घालून. विधवा बाई, सत्तरीला टेकलेली, आणि केसांत अबोली! रस्त्यानं तशीच चालत आली.

"खंय गेल्लंस?"

"देवाक विचारूक."

"मान माझो. तू कशी विचारतंस?"

"ह्या माझां मीच विचारलंय. जावचां काय नको, तां नाय विचारलंय. जातंय मी. परत येवचां काय नको, तां विचारलंय."

मी जपमाळ खाली ठेवली. "आणि? खंयची पडली?"

ती मासे कापायला बसली. बांगड्याचं डोकं एका दाबात उडवलं. म्हणाली, "पडली ती पडली."

२१ मार्च
पुन्हा विचारलं. सांगत नाही.

२२ मार्च
सांगत नाही.

२६ मार्च
शपथ घातली, तिच्या मेलेल्या भावाची. म्हणाली, "त्याचीच शपथ मीय तुका घालू काय, वयनी?" मी विषय बदलला.

ती नेहमीची सगळी कामं करते. भात मऊ, पेज गरम, माझ्या पायाला तेल. चूक काढायला जागा ठेवत नाही. तेच जास्त झोंबतं. आणि काम करताना गुणगुणते.

२ एप्रिल
सकाळी माझ्या छातीत कळ आली. मोठ्यानं ओरडले. कमळीनं पाणी दिलं, दत्तूला फोन लावला, उशी नीट केली. दत्तू डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर म्हणाला गॅस. काल फणसाची भाजी कुणी जास्त खाल्ली?

कमळी दाराशी उभी होती. "मी," म्हणाली, "मीच जास्त वाढलंय." आणि तोंडाला पदर लावला. हसली असणार.

८ एप्रिल
गेली. पांढरे बूट, दत्तूच्या लग्नातली हिरवी साडी, वर सुविधाचा स्वेटर. पिशवीत सोलं आणि उकड्या तांदळाची पुरचुंडी. निहारला पेज करून घालणार म्हणे, त्या गोऱ्यांच्या गावात.

पाया पडली माझ्या. नुकती व्यायलेली म्हैस कधी दोहायची, कोंडा कुठं आहे, पेज किती वेळ ठेवायची, एक एक सांगितलं. म्हटलं, मला शिकवतेस? ह्या घरात मी आधी आले.

"व्हय. तू आधी इलंस," म्हणाली. "म्हणानच सांगतंय. तुका काय खंय आसा म्हायती नाय."

दत्तूच्या गाडीत बसताना मी शेवटचं विचारलं, "कमळे, खंयची पडली गो?" तिनं काच वर केली. बटण दाबून. हेही शिकवलंय कुणीतरी.

दुपारी मोपाकडून एक विमान उठलं. त्यात ती असेल किंवा नसेल. मी काही वर बघितलं नाही, मान दुखते.

९ एप्रिल
पेज करपली.

११ एप्रिल
सुविधानं व्हिडिओ पाठवला. कमळी होडीत बसलीय, लांब काळी होडी. मागं वल्हवणारा टोपीवाला उभा, दोन्ही बाजूंना घरं पाण्यात उभी. माझा चौथ्या दिवसाचा बेत हिनं दुसऱ्याच दिवशी उरकला. निहार विचारतो, "आते, कसां वाटता?" तर ही म्हणते, "पावसात आमच्या खालच्या वाड्यात असांच दिसता रे. फकत हंय कोण रडत नाय."

आणि हसली. खालचे दोन दात नाहीत तिचे. कधी गेले? समोर जेवते माझ्या, मला ठाऊक नाही.

व्हिडिओ तीनदा बघितला. दात बघायला.

१२ एप्रिल
म्हैस पान्हा सोडत नाही. मी जवळ गेले की शेपटी मारते. शेजारच्या गौरवीला बोलावलं, तिलाही नाही. शेवटी फोनवर कमळीचा व्हिडिओ लावून म्हशीच्या कानाशी धरला. दूध आलं. ह्या घरात जनावरंसुद्धा फितूर.

१३ एप्रिल
राहवेना म्हणून देवळात गेले. मधुकरला म्हटलं, त्या दिवशी कमळीनं प्रसाद लावला, खरं सांग, कुठली पाकळी पडली?

मधुकर म्हणाला, "खंयचो प्रसाद? तिनां नारळ ठेवल्यान, पाया पडली, म्हणाली मधुकर, माका आता देवाक काय एक विचारूचां नाय. पायावयलां फूल तेवढां मागून घेतल्यान." मग म्हणाला, "बरी आसा मां? मेळाच्या दिवशी मी तिका म्हटलंय, तुझ्यासाठी उजवी कशी धावत पडली, तर डोळ्यात पाणी इलां. खुशीन आसतलां."

म्हटलं, हो. खुशीनच.

वाटेत तीनदा बसले.

म्हणजे देवाला काही विचारलंच नाही हिनं. महिनाभर मला नुसती टांगून ठेवली. खोटारडी. देवाच्या नावानं खोटं बोलायला लाज कशी वाटली नाही?

१५ एप्रिल
आज यायची होती. दहा वाजता विमान मोपाला उतरलं. दोघींचा भात टाकला, बांगडे आणले, मीच साफ केले. बाराला गाडी आली नाही. एक वाजला. दीड वाजता सुविधाला फोन केला.

"आई, आते हंय डिचोलेक आसा. थेट हंयच इली. आमची एक खोली रिकामीच आसा मां."

"किती दिवस?"

"तां तिकाच विचारा."

कमळी फोनवर आली. मागं कुकरची शिट्टी होत होती. दुसऱ्याच्या घरात पोचून तीन तास झाले नाहीत आणि कुकर लावला!

म्हटलं, "कमळे, म्हैस दूध देत नाय. कधी येतंस?"

तिनं आधी कुकर बंद केला. मग ती म्हणाली, "प्रसाद लावन बघ, वयनी. उजवी पडली तर कळव."

बांगडे मांजरानं खाल्ले. मी बघत होते, हाकललं नाही.

१६ एप्रिल
देवळात गेले. मधुकरनं पाकळ्या लावल्या. ह्या वेळी देवाला घाई नव्हती. अर्धा तास काही हलेना. माझे पाय सुजले. मधुकर दोनदा म्हणाला, वयनी, उद्या येवा. मी हलले नाही.

मग डावी पडली. एकच.

घरी येऊन फोन लावला. म्हटलं, "उजवी पडली गो कमळे. दोन पडल्यो. धावत पडल्यो."

"बरां," म्हणाली, आणि फोन ठेवला.

२० एप्रिल
आली नाही. पाव आजही शिळे होते. मी गुमान घेतले.